वाड्यांतील भित्तिचित्रे

उत्तर पेशवाईत सरदार-मुत्सद्द्यांच्या वाड्यांतील दिवाणखाने व माड्या भित्तिचित्रांनी सजविण्याची प्रथा होती. नाना फडणीसांचा मेणवली (जि. सातारा) येथील वाडा हे तिचे ठळक उदाहरण होय. अशी चित्रे बहुधा चुन्याच्या वाळलेल्या गिलाव्यावर, डिंकासारख्या बंधकात कालविलेल्या गेरू, पिवडी, काजळी इ. रंगांनी काढीत. ओल्या गिलाव्यावरील यूरोपीय फ्रेस्कोप्रमाणे रंग भिंतीत मुरत नसल्याने त्यांना पाणी सोसत नाही. पुढे वर्षानुवर्षे सफेदी होऊन अनेक चित्रे झाकली गेली. मात्र त्याच थरांनी धूर व प्रकाश यांपासून काहींचे रक्षणही केले. दुरुस्तीत सफेदीचे पोपडे निघून खालचे रंग दिसू लागल्यास भिंत धुणे किंवा घासणे घातक ठरते. सुटलेला गिलावा आधी पक्का करून, कोपऱ्यातील लहानसा भाग बारीक सुरीने कोरडाच उघडावा व थर पारखावेत. भेगा चुन्यानेच बुजवाव्यात. सिमेंटमुळे ओल कोंडते आणि क्षार वर येऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. रोगणाचा मोह तर टाळावाच : अजिंठ्याच्या चित्रांना १९२०–२२ मध्ये इटालियन तज्ज्ञांनी दिलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळा पडला व तो काढण्याचे किचकट काम पुढील पिढ्यांच्या वाट्यास आले.