जोगेश्वरीचा नरसिंग आणि ७४ किलोची एकच जागा

आपल्या अंधेरी-बोरिवली पट्ट्यात हल्ली सोसायटीच्या हॉलमध्ये तायक्वांदोचे क्लास जोरात चालतात. पालक विचारतात, यातून पोरगं ऑलिम्पिकला जाईल का हो? जाईल की, पण दार फार अरुंद आहे. जागतिक स्पर्धेत पुरुषांचे आठ वजनगट, ऑलिम्पिकमध्ये चारच. आणि एका गटात एका देशाचा एकच खेळाडू. कुस्तीतही एका वजनाला एकच जागा. त्या एका जागेपायी काय होतं, ते आपल्याच उपनगरातल्या पोराने भोगलंय. नरसिंग यादव.

घर जोगेश्वरीचं, मूळ बनारसकडचं, वडील दुधाच्या धंद्यात. कांदिवलीच्या साई केंद्रात जगमाल सिंग यांच्या हाताखाली तो घडला. २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल सुवर्ण. मग २०११, २०१२, २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी, जे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. कोल्हापूर-पुण्याच्या तालमींची गदा उपनगरात आली आणि 'भय्या महाराष्ट्र केसरी कसा?' अशी कुजबुजही झाली. माझ्या मते ज्याने इथल्या मॅटवर घाम गाळला, तो इथला. राज्याने त्याला पोलिसात डीवायएसपी केलं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मात्र पहिल्याच कुस्तीत हरला.

खरा पेच पुढे पडला. दोन ऑलिम्पिक पदकं जिंकलेला सुशील कुमार ६६ किलोचा. तो गटच बंद झाला आणि तो ७४ मध्ये, म्हणजे नरसिंगच्या वजनात आला. २०१५ च्या लास वेगासच्या जागतिक स्पर्धेला सुशील दुखापतीमुळे नव्हता. नरसिंग गेला, कांस्यपदकाच्या कुस्तीत गुणांनी मागे असताना फ्रान्सच्या खादजीएवला चितपट केलं आणि रिओचा कोटा आणला. पण कोटा देशाचा असतो, पैलवानाचा नाही. सुशील म्हणाला, चाचणी घ्या. कुस्ती महासंघ नाही म्हणाला. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, जून २०१६ मध्ये सुशीलची याचिका फेटाळली.

आपल्याकडे तेव्हा सगळे म्हणत होते, कोटा ज्याने आणला तोच जाणार! पण आपल्याच खाशाबा जाधवांची गोष्ट आठवा. १९५२ ला त्यांना डावललं गेलं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरकुस्ती मिळाली, निरंजन दासला हरवून ते हेलसिंकीला गेले आणि कांस्य घेऊन आले. तिथे फेरकुस्ती झाली याचा आपल्याला अभिमान, इथे मागितली तर राग. दोन्ही कसं चालेल? निवड चाचणीने की कोट्याने, हे महासंघाने आधीच लिहून ठेवलं असतं तर दोघांची कोर्टाची पायरी वाचली असती.

आणि मग जुलै. २५ जूनच्या नमुन्यात मेटॅन्डिएनोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. नरसिंग म्हणाला, सोनीपतच्या केंद्रात माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं. १ ऑगस्टला नाडाच्या समितीने ते मान्य करून त्याला सोडलं. तो रिओत पोचला. वाडाने मात्र क्रीडा लवादात अपील केलं. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, निकाल आला: घातपाताचा पुरेसा पुरावा नाही, चार वर्षं बंदी.

तो आठवडा आठवतो का? सगळा देश साक्षी मलिकच्या कांस्यात आणि सिंधूच्या फायनलमध्ये दंग होता. आमच्याही डेस्कवर तेच चाललं होतं. जोगेश्वरीचा पोरगा एका कॉलमात बसला. ७४ किलोत भारताकडून कुणीच मॅटवर उतरलं नाही. एवढं भांडण करून जागा रिकामीच. प्रकरण सीबीआयकडेही गेलं, पण गेलेली कुस्ती काही परत मिळणार नव्हती.

२७ ते ३१ ही पैलवानाची ऐन उमेदीची वर्षं. ती बंदीत गेली. २०२० ला बंदी संपल्यावर तो बेलग्रेडच्या विश्वचषकात पुन्हा उतरला, आणि एप्रिल २०२१ मध्ये अल्माटीच्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकला. गट होता ७९ किलोचा. हे वजन ऑलिम्पिकमध्ये नाही.

२०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाच्या अध्यक्षपदी तो निवडून आला. चाचणी की कोटा, हा वाद आता पुन्हा उठला तर खेळाडूंची बाजू मांडायची जबाबदारी त्याच्याकडे आहे.