शिवसागरावरील नौकाविहार

साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीस उतरले, की सुटीवर आलेला मनुष्य आधी पाणी पाहतो आणि मग नावेचे भाडे विचारतो. आम्हीही तेच केले. वासोट्याच्या पायथ्याशी जाणारी लाँच सुमारे दीड तास शिवसागरावरून चालते. दोन्ही अंगांस सह्याद्रीचे रान, समोर किल्ल्याचा कडा. या सौंदर्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या पाण्यावर आपण विहार करतो त्याचे वय काय, हे आपण सहसा विचारीत नाही.

ते वय फार नाही. वासोट्याचा इतिहास त्याहून कितीतरी जुना. पेशवाईच्या उत्तरार्धात पंतप्रतिनिधींच्या पक्षाने ताई तेलिणीने हाच गड बापू गोखल्यांविरुद्ध लढविला. 1818 साली तो इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी तेथे कैदेत होते. त्या साऱ्यांनी कोयनेचे खोरे पायी वा घोड्यावरून ओलांडले. तेथे सागर नव्हता. नदी होती, भातखाचरे होती, गावे होती.

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना दक्षिणेस वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. या वळणाजवळ धरण बांधून तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस, घाटाखाली पोफळीकडे न्यावयाचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना. 103 मीटर उंचीचे धरण 1964 साली पुरे झाले, आणि त्यामागे सुमारे 50 किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले व सुमारे 180 माणसे दगावली. धरण टिकले, पुढे त्यास बळकटी देण्यात आली.

विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले. धरणातून कृष्णेत सोडलेल्या पाण्याने सांगलीकडील दुष्काळी माळांपर्यंत उपसा योजना पोहोचविणे सोपे झाले. हा लाभ खरा आहे. परंतु ज्यांची घरे बुडाली, त्यांतील कित्येकांस ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत बिऱ्हाडे हलवावी लागली. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवलीही उठले. पुनर्वसनाचे प्रश्न त्यानंतर कित्येक दशके रेंगाळले. ज्यांनी अंधार दूर केला त्यांच्या वाट्यास मात्र अंधारच अधिक आला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

जे काठावर वर सरकून राहिले, त्यांना नाव ही करमणूक नव्हे. पलीकडच्या तीरास जायचे, रोग्यास दवाखान्यात न्यायचे, बाजार आणायचा, तर पाणी ओलांडावे लागते. आपण ज्या फळीवर बसून फराळ उघडतो, त्याच फळीवर एखादे वऱ्हाड वा एखादी बाळंतीण बसून गेलेली असते.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. सुटीत शिवसागरावर अवश्य जावे. वासोटा चढावा, रान जपावे. 1985 पासून ते अभयारण्य आहे. परंतु लाँच मध्यावर आली, की नावाड्यास खाली कोणते गाव होते हे एकदा विचारावे. तो हात लांबवून दिशा दाखवील. त्या क्षणी आपण केवळ पाण्यावर नसतो. कुणाच्या तरी अंगणावरून जात असतो.