पत्रे कुणासाठी लिहिली गेली?

आणीबाणीचा इतिहास आपल्याकडे बहुतांशी पुढाऱ्यांच्या तुरुंगवासाचा इतिहास म्हणून लिहिला गेला. त्यातले एक पान अकोल्याच्या तुरुंगाचे आहे. वऱ्हाडातील वाचकाने ते निराळ्या नजरेने वाचले पाहिजे.

१९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात हजारो स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणणाऱ्या मृणाल गोरे आणीबाणीत आधी भूमिगत होत्या. पकडल्या गेल्यावर काही काळ त्यांना अकोल्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांच्या शेजारी कुष्ठरोगाने ग्रासलेली एक कैदी स्त्री होती, आणि एक मनोरुग्ण स्त्रीही होती.

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. विरोधात उभे राहिले ते एकटे न्या. खन्ना. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होताच. अशा वेळी उरले ते पत्र. १९६१ मध्ये लंडनला जन्मलेल्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने अनोळखी कैद्यासाठी सरकारला पत्रे लिहिण्याची रीत जगभर नेली होती. भारतातील स्थानबद्धांचा प्रश्नही तिने मांडला. कैदी सुटले ते १९७७ च्या निवडणुकीमुळे, हे खरे; पण जग आपल्याला विसरलेले नाही हा आधार लहान नव्हता. त्याच वर्षी मृणालताई लोकसभेत गेल्या आणि ॲम्नेस्टीला शांततेचे नोबेल मिळाले.

आणि त्या दोघी? त्यांच्यासाठी पत्र कोणी लिहिले? पत्रमोहिमेचा कैदी हा मतासाठी तुरुंगात गेलेला माणूस. रोगामुळे, दारिद्र्यामुळे, जातीमुळे गजाआड पोचलेली बाई त्या व्याख्येत बसत नव्हती. राजकीय स्त्रीला त्यांचा शेजार ही शिक्षा वाटावी, असा सत्तेचा हिशोब असेल. पण त्या दोघींना तर तेच आयुष्य होते. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते १९९३ मध्ये!

तरीही पत्राची वाट पुढे रुंदावली. देसाईगंजच्या पोलीस चौकीत अत्याचार झालेल्या आदिवासी मुलीच्या, मथुराच्या खटल्यात पोलीस निर्दोष सुटले. तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांशी बोलून पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या व स्त्री-पोलीस यांचे आदेश दिले. येथे कैदी पुढारी नव्हती. तिला नाव नव्हते, पक्ष नव्हता.

अक्षर आपल्या घरात उशिरा आले. ते आल्यावर आपण नोकरीचे अर्ज लिहिले, सवलतीचे अर्ज लिहिले. त्यात गैर काही नाही. पण अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून आज आपली मुले-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. ज्यांच्यासाठी कोणीच लिहीत नाही, त्यांच्यासाठी हे हात लिहिणार नसतील, तर मग कोण लिहिणार?