न्हाणीघराच्या भिंती : नव्या टाइल्सआधीची तयारी

जुन्या टाइल्स काढल्यावर उघडी पडलेली, ओल खाल्लेली भिंत पुन्हा टाइल्स धरण्याजोगी करण्याचे काम. मुंबई-पुण्यातल्या 25-30 वर्षे जुन्या इमारतींत ते हमखास निघते. टाइल्स बसवण्यापेक्षा या तयारीला जास्त दिवस लागतात, आणि घाई झाली की काट बसते ती नेमकी याच दिवसांना.

पहिली परीक्षा कानाची. गवंडी हातोडीच्या दांड्याने उरलेला गिलावा ठोकत जातो. भरीव आवाज आला तर गिलावा विटेला धरून आहे. बद्द आला तर सुटला आहे. सुटलेल्या भागाभोवती खडूने रेघ मारून तेवढा भाग विटेपर्यंत उतरवतात. निम्मी भिंत बद्द बोलत असेल, तर ठिगळे लावण्यात पैसा घालवू नये. सगळा गिलावा काढावा.

मग ओलीचा माग. विटांवर पांढरा लोणा दिसला, तर भिंतीतून पाणी फिरते आहे हे नक्की. पाणी क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते आणि उडून जाते. क्षार मागे राहतात. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशने झाडावा. धुतला तर क्षार पुन्हा विटेत मुरतात. नळाच्या मागे तपकिरी ओघळ असेल, तर जुना लोखंडी पाइप जोडापाशी गंजलेला असण्याची शक्यता मोठी. पाइप बदलल्यावर खाच बुजवण्याआधी पाणी दाबाने भरून जोड तपासलेच पाहिजेत. नंतर सापडलेल्या गळतीसाठी नव्या टाइल्स फोडाव्या लागतात. साडेचार इंची भिंतीत लांब आडवी खाच मारू नये, भिंत कमकुवत होते. काँक्रीटमध्ये गंजून फुगलेली सळई दिसली, तर ते काम गवंड्याचे नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

नव्या गिलाव्याआधी सांध्यांतला भुगा काढून विटा भिजवतात. गुळगुळीत काँक्रीटवर टाचे मारतात. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे, तसेच बुजवलेल्या खाचेवर, चिकन मेश ठोकतात. नाहीतर नेमकी तिथेच चीर जाते. गिलाव्याला एक भाग सिमेंट, चार भाग वाळू, जाडी 12 ते 15 मिलिमीटर. पृष्ठभाग खरखरीतच ठेवायचा, ओळंबा आणि गुण्या लावून तपासायचा आणि किमान 7 दिवस पाणी मारायचे. जिप्समचा गिलावा इथे चालत नाही. ओलीने तो मऊ पडतो.

जलरोधक लेप जमिनीवर आणि भिंतीवर निदान फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत चढवतात. जमीन-भिंतीचा कोपरा आधी मसाल्याने गोलसर करतात. लेप सुकल्यावर न्हाणी ट्रॅपचे तोंड बंद करून 24 ते 48 तास पाणी तुंबवून ठेवतात आणि खालच्या घराचे छत पाहतात.

टाइल कोणती, यावरही तयारी ठरते. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स पाणी शोषतात, म्हणून त्या सिमेंटचा रबा धरतात. व्हिट्रिफाइड टाइलचे जलशोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. तिला टाइल अॅढेसिव्हच हवे. त्याचे प्रकार भारतीय मानक 15477 मध्ये ठरवून दिले आहेत. अॅढेसिव्हचा थर अवघा काही मिलिमीटरचा, त्यामुळे भिंतीचा बाक त्यात लपत नाही.

भिंत सुकली का, हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव धरले असेल तर थांबावे. कोकणपट्टीत पावसाळ्यात हे थांबणे बरेच लांबते. निवड हाती असेल, तर हे काम दिवाळीनंतर काढावे.