हार्वर्डच्या मास्तरला पोरांनी दिलेला धडा



बारावीला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री आम्ही जर्नल पूर्ण करायचो. लंबक कुणी हलवूनसुद्धा पाहिलेला नसायचा, पण रीडिंग सगळ्यांची सारखी! कारण ती मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवलेली. परवा ओळखीच्या एका कॉलेजकुमाराला विचारलं, तर आजही तेच चालू आहे म्हणे.

म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

एरिक माझूर १९८४ पासून हार्वर्डला फिजिक्स शिकवतात. लेक्चर उत्तम, पोरं खूश, अवघड गणितं सोडवणारी. १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात हॅलून आणि हेस्टेनिस या ॲरिझोनाच्या संशोधकांचे लेख आले. त्यांचं म्हणणं होतं, पोरं गणितं सोडवतात, पण न्यूटनचे नियम त्यांना कळलेले नसतात. 'आपली पोरं तशी नाहीत,' असं म्हणत माझूर यांनी तीच चाचणी घेतली. प्रश्न साधे. ट्रक आणि छोटी गाडी धडकली, तर जास्त बल कुणावर? (दोघांवर सारखंच, हा न्यूटनचा तिसरा नियम.) तेव्हा वर्गातूनच विचारणा झाली: सर, उत्तर तुम्ही शिकवलं तसं लिहू, की मला खरं वाटतं तसं?

निकालाने माझूर यांचे डोळे उघडले. त्यांनी लेक्चर कमी केलं. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. पेनसिल्व्हानियाच्या डिकिन्सन कॉलेजात प्रिसिला लॉज यांनी तर त्याआधीच, १९८७ च्या सुमारास, लेक्चरच काढून टाकलं होतं. पोरं छोट्या गाड्या ढकलणार, मोजमाप घेणार आणि नियम स्वतः शोधणार.

हे नुसतं कौतुक नव्हतं. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ वर्गांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं नुसत्या लेक्चरने सरासरी २३ टक्के आलं. हाताने करून, चर्चा करून ४८ टक्के.

गंमत म्हणजे विरोध पोरांनीच केला. एमआयटीने २००० नंतर लेक्चर हॉलऐवजी टेबलं मांडली, तेव्हा विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम काढली. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच एका अभ्यासात दिसलं, की करून शिकणारी पोरं जास्त शिकतात, पण त्यांना वाटतं आपण कमी शिकलो. डोक्याला ताण पडतो ना! छान लेक्चर ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. वाटतं, एवढंच.

आता आपल्याकडे या. 'सामान नाही' ही सबब अर्धीच खरी. एक मीटर दोरी, एक दगड आणि मोबाईलमधलं घड्याळ. दगडाला एकदा जाऊन परत यायला साधारण दोन सेकंद लागतात. यातून गुरुत्वाकर्षण मोजता येतं. उत्तर ९.८ नाही आलं, ९.५ आलं, तरी चालेल. 'का चुकलं?' हा प्रश्न तिथेच सुरू होतो, आणि जर्नल उतरवणाऱ्याला तो कधीच पडत नाही.

पालकांनो, कॉलेजात ॲडमिशन घेताना निकालाची टक्केवारी विचारता ना? यंदा आणखी एक विचारा: प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं?

तुमचा अनुभव कमेंटमध्ये जरूर लिहा.