तलवार कोणत्या रघूजीची?

आपल्या वऱ्हाडात एखाद्या जुन्या वाड्यात आपण गेलो आणि घरधनी मोकळ्या मनाचा असला, म्हणजे चहा होताच आतून एक गाठोडे बाहेर येते. त्यात एखादी गंजलेली कट्यार असते, कधी दौत, कधी मोडकी अंबारीची घंटा. वस्तूबरोबर एक वाक्यही येते : "ही अमक्या सरदारांच्या हातची." वस्तू हाती घेऊन न्याहाळता येते, वजन करता येते. वाक्याचे तसे नाही. ते तीन-चार पिढ्यांच्या तोंडून आलेले असते, आणि ऐकणाऱ्याला ते खरे असावे असे मनापासून वाटत असते. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम या वाक्यापासून सुरू होते.

हा प्रश्न घरगुती गाठोड्यापुरता राहिलेला नाही. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सोदबी लिलावगृहात एक तलवार विक्रीस निघाली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली. सर्व मिळून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईस पोचली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची तलवार म्हणून तिचे स्वागत झाले. आपल्या वऱ्हाडला तर या नावाचे अगत्य विशेष. रघूजींच्या घराण्याचे आरंभीचे ठाणे आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील भाम हे होते. नागपूर त्यामागून आले. तेव्हा तलवार घरी आली याचा आनंद आपणांस इतरांहून काकणभर अधिकच व्हावा. पण आनंद झाल्यावर विचारायचा प्रश्न उरतोच : ती त्यांची, हे कशावरून?

अशा वस्तूला तीन प्रश्न विचारावे लागतात, आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. वस्तू त्या काळची आहे काय? ती त्या माणसाची होती काय? आणि ज्या प्रसंगासाठी ती नावाजली जाते, त्या प्रसंगी ती तेथे होती काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले की लोक उरलेल्या दोहोंचेही आले असे धरून चालतात. बहुतेक घोटाळा येथेच होतो.

एक ओळखीचे उदाहरण घेऊ. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी शकुंतला गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती ओढीत होते. कारखान्यात जन्मलेल्या इंजिनाला पाटी असते. तीवर कारखान्याचे नाव, क्रमांक आणि वर्ष असते, आणि तोच क्रमांक कारखान्याच्या वहीत सापडतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे घरबसल्या मिळते. पण उद्या कोणी म्हणाला की या इंजिनाच्या गाडीतून अमुक थोर पुढारी गेले होते, तर पाटी त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. त्यासाठी दुसरा पुरावा लागेल : त्या दिवसाचे वर्तमानपत्र, एखादे पत्र, स्टेशनातील नोंद. पाटी जन्म सांगते, आयुष्य सांगत नाही.

आता तलवारीकडे वळू. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेले आहे. अशा पात्यावर देशी मूठ बसवली की तिला आपले लोक फिरंग म्हणत. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून ही पाती येत, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत मराठ्यांत त्यांना मोठी मागणी होती. मूठ मुल्हेरी घाटाची असून तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम आहे. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, देवनागरी अक्षरे सोन्याने भरली आहेत. त्यांत श्रीमंत रघोजी भोसले हे नाव, सेनासाहेबसुभा हे पद आणि शेवटी 'फिरंग' हा शब्द येतो.

येथे पाते, मूठ आणि लेख यांचे वय वेगवेगळे असू शकते हे ध्यानात घ्यावे. चांगले पाते बापाकडून मुलाकडे जाई, जुनी मूठ काढून नवी बसे, आणि नाव त्यानंतरही घालता येई. म्हणून युरोपी पाते जुने ठरले तरी लेख तितकाच जुना ठरत नाही. अक्षरांचे वळण त्या काळच्या लिखाणाशी जुळते काय, सोने भरताना पडलेल्या खाचेत आणि भोवतीच्या पोलादात सारखीच झीज आहे काय, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. 'फिरंग' हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. आपल्या कमरेच्या हत्याराला कोणी 'ही फिरंग आहे' असे सहसा सांगत बसत नाही. असे सांगण्याची गरज पडते ती शेकडो हत्यारे असलेल्या सिलेखान्यात. या लेखात धन्याच्या नावाइतकाच सिलेखान्याच्या कारकुनाचा हात असण्याचा संभव मला वाटतो. तसे असेल तर तलवार रघूजींच्या मालकीची ठरेल. रोज त्यांच्या कमरेला होती असे मात्र त्यावरून ठरणार नाही.

पण खरी गाठ नावातच आहे. नागपूरच्या गादीवर रघूजी एक नव्हे, तीन झाले. पहिल्या रघूजींना शाहू महाराजांकडून सेनासाहेबसुभा हे पद मिळाले. त्यांनी कर्नाटकात आणि बंगाल-ओरिसात मोहिमा केल्या, १७५१ च्या तहाने ओरिसा मिळवला, आणि १७५५ साली ते वारले. त्यांचे नातू दुसरे रघूजी यांच्या नावे हेच पद लहानपणीच आले. त्यांचे वडील मुधोजी १७८८ पर्यंत कारभार पाहत होते, आणि दुसरे रघूजी १८१६ साली वारले. तिसरे रघूजी १८१८ साली गादीवर बसले आणि १८५३ साली वारले. त्यानंतर डलहौसीने राज्य खालसा केले. तिघांनाही रघूजी भोसले म्हणत.

तिसऱ्यांना या यादीतून बरेचसे बाजूस सारता येते. १८२६ च्या तहात इंग्रजांनी त्यांच्याकडून सातारच्या छत्रपतींशी असलेले नाते सोडवून घेतले, आणि सेनासाहेबसुभा हे पद तर छत्रपतींनीच दिलेले. जे नाते तहाने तुटले, त्याची खूण पात्यावर सोन्याने भरून घेण्याचा संभव थोडा. दुसऱ्यांना मात्र पदावरून बाजूस सारता येत नाही. फिरंगी पात्याचा काळ पाहता कल पहिल्यांकडे जातो, हे मान्य. पण कल म्हणजे निर्णय नव्हे.

कोणी म्हणेल, आजा असो की नातू, भोसल्यांचीच ना? मग एवढा काथ्याकूट कशाला? आपण वऱ्हाडकरांनी तरी असे म्हणू नये. आजोबांनी मिळवलेले नातवाच्या काळात गेले, आणि ते आपल्याच भूमीवर गेले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला; १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता ठार झाला; १७ तारखेस देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. वऱ्हाडातील निजाम व भोसले यांची दोअमली त्या दिवशी संपली. पहिल्या रघूजींची तलवार ही राज्य मिळवल्याची आठवण. दुसऱ्यांची असेल तर ती वऱ्हाड गमावल्याची. दोन्ही आठवणी आपल्याच. पण एकीच्या जागी दुसरी ठेवून चालणार नाही.

तलवार विलायतेस गेली कशी, हाही प्रश्न आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईनंतर ती लुटीत गेली असावी, असा तर्क मांडला गेला. तो अशक्य नाही. पण नागपूरचा खजिना एकदाच हलला असे नव्हे. राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी राजवाड्यातील जडजवाहीर आणि हत्ती-घोडे लिलावात काढले. नजराणा हाही एक मार्ग होताच. तीन दारे उघडी असताना एकाच दाराने चोर गेला असे सांगणे हे तपासाचे लक्षण नव्हे.

वाघनखांची गोष्ट यापेक्षा अवघड. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्यास आणि २०२५ साली नागपुरास लोकांनी दर्शनभावाने पाहिली. शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारले ती हीच, आणि पेशव्यांच्या मंत्र्याने ती साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना दिली, असे सांगणारा मजकूर आहे. पण तो त्यांच्या पेटीवर आहे, वाघनखांवर नाही. अफझलखान हा मोगलांचा नव्हे, विजापूरचा सरदार, हेही पेटी लिहिणाऱ्यास ठाऊक नव्हते. खानाचा वध १६५९ चा, ग्रँट डफ साताऱ्यास आले १८१८ साली. मधल्या १५९ वर्षांबद्दल पेटी मुकी आहे. ती हीच असे सिद्ध करता येत नाही, हे खुद्द संग्रहालयानेही सांगितले आहे. त्या मानाने तलवारीची बाजू भक्कम, कारण तिचे नाव तिच्याच अंगावर आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की संग्रहालयातील पाटीवर आपण पायऱ्या राखून लिहावे. 'नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या नावाची फिरंग' हे निःशंक. 'बहुधा पहिले रघूजी' हा कल. '१८१७ ची लूट' हा तर्क. असे लिहिल्याने तलवारीचे तेज उणे होत नाही. उलट, एक खोटी वस्तू खरी म्हणून खपली की शेजारच्या दहा खऱ्या वस्तूंवरचा विश्वास उडतो, आणि मग वाड्यातल्या गाठोड्याला कोणी विचारीत नाही.

त्या गाठोड्याबद्दल एक विनंती करून थांबतो. घरी अशी वस्तू असेल तर चिंच-राखेने घासून लख्ख करू नका. पुसल्या जाणाऱ्या काळ्या थरातच कधी कधी अक्षरे दडलेली असतात. ती ज्या फडक्यात, ज्या डब्यात आहे ते टाकून देऊ नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच बसवून विचारा : ही तुम्हांला कोणी दिली, केव्हा दिली, त्यांनी काय सांगितले? ते जसेच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवा. ऐकीव ते ऐकीव म्हणून आणि पाहिलेले ते पाहिलेले म्हणून लिहा. सिलेखान्याच्या कारकुनाने दोनच शब्द अधिक लिहिले असते, तर आज तीन रघूजींमध्ये आपल्याला चाचपडावे लागले नसते.