बहिःशाल शिक्षणाचा उगम

विद्यापीठांच्या बहिःशाल शिक्षणाचा विचार करताना व्याख्यान हाच त्याचा आत्मा होय, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. या चळवळीचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो, असे आम्हांस वाटते.

केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाचे तरुण फेलो जेम्स स्टुअर्ट यांनी १८६७ साली लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर व शेफील्ड या औद्योगिक नगरांत स्त्रियांपुढे खगोलशास्त्रावर व्याख्याने दिली. तरुण व्याख्यात्याने स्त्रियांना समोरासमोर प्रश्न विचारणे तत्कालीन शिष्टाचारास रुचणारे नव्हते. म्हणून स्टुअर्ट प्रश्न छापून देत आणि श्रोत्या उत्तरे लिहून पाठवीत. अडचणीतून काढलेली ही तोड पुढे पद्धतच होऊन बसली.

दुसरा धडा रॉचडेल येथील कामगारांच्या सहकारी संस्थेत मिळाला. पुढील आठवड्यात पुन्हा यावयाचे म्हणून स्टुअर्ट यांनी आपल्या आकृत्या सभागृहात तशाच टांगून ठेवल्या. मधल्या दिवसांत सभासदांनी त्यांवर चर्चा केली आणि त्यांच्या मनांत शंका साचल्या. तेव्हा व्याख्यानापूर्वी थोडे लवकर येऊन त्यांचे निरसन करावे, असे सभागृहाच्या रखवालदारानेच सुचविले. व्याख्यानास जोडून वर्ग घेण्याची प्रथा येथून पडली.

१८७३ साली केंब्रिजने ही योजना अधिकृतपणे स्वीकारून नॉटिंगहॅम, डर्बी व लेस्टर येथे अभ्यासक्रम चालू केले. नॉटिंगहॅम येथे तर १८८१ साली स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. परंतु खर्च बहुतांशी श्रोत्यांच्या शुल्कातून भागवावा लागे. त्यामुळे ठिकठिकाणी मजूर मागे पडला व सुखवस्तू वर्गाने जागा व्यापली. ही उणीव अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी १९०३ साली स्थापिलेल्या कामगार शिक्षण संघटनेने ओळखली. १९०८ साली तिच्या प्रेरणेने आर. एच. टॉनी यांनी लाँगटन व रॉचडेल येथे वर्ग घेतले. विद्यार्थी फार तर तीस, मुदत तीन वर्षांची. एक तास व्याख्यान, एक तास चर्चा, शिवाय नियमित निबंधलेखन, असा त्यांचा क्रम होता.

आपल्याकडेही न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिचा आदर्श घेऊन गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांनीही ती परंपरा निष्ठेने जोपासली. तथापि आभारप्रदर्शन होताच बहुतेक ठिकाणी सभा उठते आणि शंका श्रोत्याबरोबर घरी जाते. रॉचडेलच्या रखवालदारास जे उमगले, ते आम्हां शिक्षकांस अवघड नसावे. व्याख्यानानंतर एक तास आणि भिंतीवर चार आकृत्या, एवढ्या भांडवलावर कोणत्याही संस्थेस आरंभ करता येईल.